पेरूच्या बागेतली तुळशीची बाटली

"पण बुवा, तुळस दाखवून जीव मारायचे, हे कुठल्या शास्त्रात बसतं?"

जनार्दननं विचारलं आणि केरोबुवांच्या हातातली बाटली तशीच हातात राहिली.

मी पलीकडे ओट्यावर तांदूळ निवडत होते. मी सगुणा. या मठात सोळा वर्षं भाकऱ्या थापतेय. चुलीला कान नसतात आणि चुलीपाशी बसणारीलाही नसतात, असं इथे सगळ्यांना वाटतं. वाटू दे.

बुवा म्हणाले, "नाही बसत."

"मग?"

"मग काय... तू पेरू खातोस ना?"

खातो की जनार्दन! सकाळी चांगले दोन खाल्ले होते, मीच फोडी करून, मीठ लावून दिले होते.

आमच्या मठाला पेरूची बाग आहे. बागेत विषारी औषध मारायचं नाही, ही बुवांच्या गुरूंपासूनची शिस्त. पण सहा वर्षांपूर्वी फळमाशीनं असा उच्छाद मांडला की काही विचारू नका. वरून पेरू पिवळाधमक, आणि कापला की आत अळ्यांची वळवळ. एकदा तर देवापुढे नैवेद्याचा पेरू फोडला आणि त्यातून अळी टुणकन उडून समईपाशी पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग कृषी खात्यातले एक साहेब आले. त्यांनी बुवांना सांगितलं, काळ्या तुळशीचा वास या माशीला वेड लावतो. तेव्हापासून बुवा दर आठवड्याला रिकाम्या बाटल्या घेऊन बसतात. बाटलीला मधोमध चार भोकं. आत दोऱ्याला तुळशीच्या रसात भिजवलेला कापसाचा बोळा. तळाला रिठ्याचं पाणी. झाडाला टांगली की माश्या येतात, आत शिरतात, दमून पाण्यात पडतात. पेरूला डाग नाही.

जनार्दन मठात नऊ वर्षं आहे, हे सगळं सहा वर्षं बघतोय. आजच त्याला पाप आठवलं.

का आठवलं, ते मला ठाऊक होतं. त्याला बागेत थांबायचं होतं. स्वयंपाकघराकडे यायचं नव्हतं. कारण स्वयंपाकघरात वेणू बसली होती.

वेणू म्हणजे त्याची बायको.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी जनार्दनला भगवी वस्त्रं मिळायची होती. नुसती वस्त्रं नाहीत, बुवांच्या मागे मठाची गादीही त्याचीच, हे ठरल्यासारखं होतं. माणूस हुशार, यात वाद नाही. पोथ्याच्या पोथ्या पाठ. आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही स्पष्ट ऐकू जावा. पण आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. पाणी मागितलं तरी उपकार केल्यासारखं मागायचा.

आता आमच्या मठाचा एक नियम आहे. लग्न झालेल्या माणसाला संन्यास घ्यायचा तर त्याच्या बायकोनं स्वतः येऊन, गुरूंसमोर, तोंडानं हो म्हणायचं. चिठ्ठी चालत नाही, निरोप चालत नाही.

म्हणून वेणू सकाळच्या एसटीनं आली होती. अंगावर धुवट निळं लुगडं, हातात कापडी पिशवी. आल्या आल्या माझ्याकडची विळी ओढून घेतली आणि भाजी चिरायला बसली.

"अगं, पाहुणी आहेस तू," मी म्हटलं.

"पाहुणी कसली, मावशी. हात रिकामे राहिले की मला सुचत नाही."

भाजी चिरून झाली. शेंगा सोलून झाल्या. जनार्दन काही आला नाही. रोज तीनतीनदा पाणी प्यायला येणारा माणूस, त्या दिवशी त्याला तहानच लागली नाही.

शेवटी मीच विचारलं, "जाताना काय म्हणून गेला होता गं?"

ती हसली. हसली आणि मान खाली घातली.

"म्हणाले, मी अजून कच्चा आहे वेणू. काहीतरी होऊन येतो. मग तुझ्यासमोर ताठ मानेनं बसेन. दोन वर्षं दे फक्त."

"आणि तू?"

"मी म्हटलं, मला असेच चालता. तर म्हणाले, तुला चालतो, मला नाही चालत."

तिनं शेंगांची टरफलं सुपात गोळा केली. मग म्हणाली, "आमच्याकडे संध्याकाळी एक एसटी येते, मावशी. फाट्यावर थांबली की घरात आवाज येतो. मी रोज अंगणात येते. सासूबाईंना वाटतं, म्हशीला पाणी पाजायला येते."

"नऊ वर्षं?"

"म्हैस बदलली मधे," ती म्हणाली.

मी तिला माझं सांगितलं नाही. माझा माणूस एका भजनी मंडळाबरोबर गेला तो गेलाच. माझ्याकडे कुणी अनुमतीही मागायला आलं नाही. मी किती दिवस वाट पाहिली, ते मी कुणाला सांगत नाही. सांगून काय होणार आहे?

"मग आज काय म्हणणार आहेस?"

"हो म्हणणार," ती म्हणाली. "नाही म्हटल्यानं कुणी थांबतं का?"

---

चार वाजता बुवांनी मला हाक मारली. "सगुणे, टोपली आण. पेरू उतरवायचेत."

मी टोपली घेऊन गेले. जनार्दन झाडाखाली उभा होता, हाताची घडी घालून. त्याचा प्रश्न अजून तसाच होता आणि बुवा झाडाला टांगलेली एक भरलेली बाटली खाली काढत होते.

"बुवा, मी मागच्या एकादशीला प्रवचनात हाच दृष्टांत दिला होता," जनार्दन म्हणाला. "माशीसारखा क्षुद्र जीव तुळशीच्या वासानं धावत येतो. त्यात उडी घेतो. प्राण देतो, पण मागे फिरत नाही. मग माणसानं का मागे फिरावं?"

"ऐकला मी."

"लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

"आलं होतं खरं. त्या सुताराच्या आईनं तर पदर भिजवला." बुवांनी बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतलं. मेलेल्या माश्यांचा ढीग राहिला. "हात पुढे कर."

"बुवा..."

"कर रे. चावत नाहीत आता त्या."

जनार्दननं तोंड वाकडं करून हात पुढे केला. बुवांनी फडक्यावरच्या माश्या त्याच्या तळहातावर घेतल्या. पिवळट तांबूस, बारीक, कंबर बारीक.

"पेरूला भोक पाडते ना, तिला शेपटीशी सुई असते," बुवा म्हणाले. "टोकदार. त्या सुईनं ती सालीच्या आत अंडी घालते. सुईवाली एक शोध बघू."

जनार्दननं बोटानं माश्या उलट्यासुलट्या केल्या. मीही वाकून पाहिलं. माझे डोळे म्हातारे, पण सुई ओवायला अजून कुणाला बोलवत नाही मी.

"नाही," तो म्हणाला.

"नीट बघ."

"एकही नाही, बुवा. सगळ्यांच्या शेपट्या बोथट आहेत."

"सगळे नर," बुवा म्हणाले. "सहा वर्षं बघतोय. बाटलीत पुरुषच येतात."

"म्हणजे तुळशीला मादीचा वास येतो?"

"मलाही आधी तसंच वाटलं होतं. साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, नाही."

"मग कशाला येतात?"

बुवांनी माश्या झाडाच्या बुंध्याशी मातीत टाकायला लावल्या. कुंपणाशी काळी तुळस माजली होती, तिचा एक शेंडा खुडला. जनार्दनच्या त्याच तळहातावर ठेवला आणि आपल्या अंगठ्यानं असा रगडला, असा रगडला की हिरवा रस बोटांमधून मनगटाकडे ओघळला. इतका वास सुटला की मला एकदम वृंदावनापाशी उभं राहिल्यासारखं वाटलं.

"आता हलू नको."

आम्ही तिघं उभे राहिलो. वारा होता थोडासा...

पहिली माशी आली ती जनार्दनच्या नाकासमोरून. मग दुसरी. मग पाचसहा. तळहातावर बसल्या आणि रस चाटायला लागल्या. शिवाशिव पाळणारा माणूस तो, देवाची फुलंही धुऊन घ्यायचा. पण हात मागे घेतला नाही, हे मी खरं तेच सांगते.

"चाटतायत," तो म्हणाला, अगदी हळू.

"हं."

"उडी घेत नाहीत. मरत नाहीत."

"मरायला कोण येतं रे?" बुवा म्हणाले. "बाटलीत पाणी आहे म्हणून मरतात. ते काय त्यांनी मागितलं होतं?"

एक माशी उठली. हाताभोवती एक घिरटी घातली आणि पेरूच्या झाडाकडे गेली. मग दुसरी गेली.

"कुठे चालल्या?" जनार्दननं विचारलं.

"पानाखाली. आता दिवस कलेल. हा चाटलेला रस नराच्या अंगात मुरतो. संध्याकाळ झाली की पानाखाली बसून तो पंख फडफडवतो. अंगातला वास वाऱ्यावर सोडतो." बुवांनी झाडाकडे पाहिलं. "मग ती येते."

"म्हणजे..."

"म्हणजे वासासाठी नाही आला तो. तिच्यासाठी आलाय. तिला आवडेल असं काहीतरी अंगाला लावून परत जायचं, एवढंच त्याच्या मनात."

जनार्दनचा चेहरा उतरला. मी पाहिलं. मी टोपली खाली ठेवली.

मग बुवांनी शेजारच्या फांदीवरची दुसरी बाटली धरून त्याच्या डोळ्यांसमोर आणली. सकाळीच टांगलेली. आत एक नर जिवंत होता. बाटलीच्या वरच्या टोकाशी, झाकणाखाली, धडका मारत होता. खाली घसरायचा, पुन्हा वर जायचा.

"भोकं तर उघडी आहेत," जनार्दन म्हणाला.

"चारी उघडी आहेत. आला त्याच भोकानं जाऊही शकतो."

"मग बाहेर का पडत नाही?"

"वर उजेड दिसतोय ना. त्याला वाटतं, वाट वरच असणार."

जनार्दन त्या माशीकडे बघत राहिला. त्याच्या तळहातावरच्या माश्या एक एक करून उडून जात होत्या, तिकडे त्याचं लक्षही नव्हतं.

"आणि ती?" त्यानं विचारलं. आवाज असा बारीक झाला होता की प्रवचनातला जनार्दन तो हाच का, असं वाटावं.

"ती बसते पानावर वाट बघत. त्या वेळेला, रोज. कुणी आलं नाही की घालते तशीच अंडी. पोकळ. त्यातून काही निघत नाही." बुवांनी फांदीवरचा एक पेरू तोडला, धोतराला पुसला आणि माझ्या टोपलीत टाकला. "आपला पेरू गोड निघतो जनार्दना, कारण कुणीतरी घरी परतलेलं नसतं."

अगं बाई!

सहा वर्षं मी तो पेरू खातेय. फोडी करून लोकांना वाढतेय, मठाचा पेरू म्हणून वाखाणतेय. त्या दिवशी मला टोपलीकडे बघवेना. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. एवढ्या वयात कुणाला लाजायचं?

"म्हणजे पापच ना," मी मधेच बोलले.

"आहेच," बुवा म्हणाले. "मी कुठे नाही म्हणालो?"

---

जनार्दन खाली बसला. त्या ओल्या मातीत, पांढऱ्या शुभ्र धोतरासकट.

"बुवा, मी अजून कच्चा आहे," तो म्हणाला.

"नऊ वर्षांपूर्वी आलास तेव्हाही हेच म्हणालास."

"तेव्हा मला दोन ओळी धड बोलता येत नव्हत्या. शाळेतल्या नोकरीवरून काढलेला माणूस मी. तिच्या वडिलांसमोर मान वर करता येत नव्हती. वाटलं, काहीतरी मिळवावं, मग जावं. इथे मिळत गेलं... मिळत गेलं, बुवा. अजून थोडं, अजून थोडं, असं करत राहिलो."

"हं."

"मग जायची लाज वाटायला लागली. दोनाची चार झाली, चाराची सहा. काय तोंड घेऊन जाऊ? म्हणून म्हटलं, आता पुढेच जावं. मागे नको."

"वर," बुवा म्हणाले.

जनार्दननं डोळे मिटले.

मला त्याचा राग यायला हवा होता. सकाळपासून आलाच होता. वेणूनं सोललेल्या शेंगा बघून मी मनातल्या मनात त्याला काय काय म्हटलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. पण तो तसा चिखलात बसलेला पाहिला आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. माझाही माणूस कुठेतरी असाच लाजून बसला असेल का? हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी त्याला इतकी वर्षं दगडाचाच समजत होते.

"पण मला काय मिळालंय, तेच कळत नाही, बुवा," जनार्दन म्हणाला. "तिला दाखवावं असं काय आहे माझ्याजवळ? पाठ केलेल्या पोथ्या? उद्याची वस्त्रं मिळाली असती तर निदान..."

"निदान काय?"

त्यानं मातीत पडलेलं एक पान उचललं आणि टाकून दिलं.

"वस्त्रं मिळाली असती तर तुला परत जावंच लागलं नसतं," बुवा म्हणाले.

"मग गादीचं काय?"

"राहील रिकामी. मांजर झोपेल तिच्यावर. सगुणेच्या मांजराला नाहीतरी मऊ जागा लागते."

मला तेवढ्यातही हसू आलं. आमचे बुवा हे असे. माणूस रडत असला तरी त्याला हसवल्याशिवाय सोडत नाहीत, आणि हसत असला की मग बघायलाच नको.

जनार्दन हसला नाही. पण त्यानं बुवांच्या हातातली बाटली घेतली, झाकण फिरवून काढलं आणि वर धरली. आतला नर आणखी एकदा धडकायला वर गेला, तर झाकणच नाही. गेला बाहेर. आमच्या डोक्यावरून गेला.

"असं कितींना सोडशील?" बुवांनी विचारलं. "उद्या पेरूत अळी निघाली तर देवाला काय सांगू?"

"माहीत नाही, बुवा."

हे दोन शब्द त्याच्या तोंडून मी नऊ वर्षांत पहिल्यांदा ऐकले. बुवांनीही पहिल्यांदाच ऐकले असावेत, कारण त्यांनी बाटली त्याच्या हातातून हळूच काढून घेतली आणि पुन्हा काही विचारलं नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून हाक आली.

"मावशी..."

वेणू उंबऱ्यात उभी होती. पिशवी खांद्याला लावलेली. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेला. आमच्याकडे बघत होती, पण जनार्दनकडे सरळ बघत नव्हती.

"साडेपाचची शेवटची गाडी आहे," ती म्हणाली. "ती चुकली तर सासूबाई एकट्या पडतील. हो कुठे म्हणायचं, कुणापुढे म्हणायचं, तेवढं सांगता का? म्हणजे मी म्हणून जाते."

एवढं बोलताना तिचा आवाज जराही कापला नाही. मीच टोपलीची कड घट्ट धरली.

जनार्दन उठला. मी त्याच्याकडे बघत होते, तो काय करतो ते. नऊ वर्षांनी तो तिला बघत होता. तिच्या केसांत पांढरे आले होते, ते त्याला दिसले असणार. एवढा बोलणारा माणूस, आणि बोलला ते एवढंच.

"थांब," तो म्हणाला शेवटी. "वेणू... थांब. आलो."

आणि एक पाऊल टाकून त्यानं खाली पाहिलं. तळहात हिरवा झालेला, मनगटापर्यंत चिकट, त्यात माश्यांचे पंख अडकलेले, माती लागलेली. धोतर चिखलानं माखलेलं. जन्मभर सोवळं सांभाळलेला माणूस, तो थबकला. आणि वळला हौदाकडे.

"हात धुऊन येतो," तो पुटपुटला. "असा कसा जाऊ तिच्यापुढे..."

हौद बागेच्या दुसऱ्या टोकाला. दारात ती पिशवी सावरत उभी. फाट्यावर जायला तिला पाऊण तास लागणार होता.

तो दोन पावलं गेला असेल नसेल. बुवांनी मागून त्याचा खांदा धरला आणि त्याला पुन्हा दाराकडे वळवलं.

"धुऊ नकोस," बुवा म्हणाले. "तसाच जा."